परतणारा हात

पोरगी आरशासमोर उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली आणि सुचिताच्या हातून पाण्याच्या बाटलीचं झाकण सुटलं. ते घरंगळत मॅटखाली गेलं. वाकून शोधायचं निमित्त मिळालं ते बरंच झालं, कारण तेवढ्यात तिला चेहरा जागेवर आणता आला. जागृतीची मुलगी डावरी निघाली होती. म्हणजे देव आहे, फक्त तो कामावर उशिरा येतो, असं काहीतरी सुचिताच्या मनात आलं आणि मॅटखाली हात घालून ती चक्क हसली. जागृती दाराशी चपला काढत होती. अठरा वर्षांत अंगाने भरली होती, केस मानेवर कापले होते, खांद्याला ऑफिसची जड पर्स. खेळाडू कोट्यातून लागलेल्या सरकारी नोकरीचं सगळं सुख तिच्या गालांवर दिसत होतं. "ही श्रुती," ती म्हणाली. "सोळा पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात बॉक्सिंगची जिल्ह्याची निवड चाचणी आहे. हिला डाव्या हाताचं शिकवणारं कोणी नाही गं, सुचे. तूच शिकव." 'सुचे' हे नाव सुचिताने इतक्या वर्षांत कुणाला वापरू दिलं नव्हतं. नेरूळच्या या जिममध्ये तिला सगळ्या मॅडम म्हणत. खाली केकचं दुकान, वर ही जागा, संध्याकाळी सहा ते आठ लेडीज बॅच. वजन उतरवायला आलेल्या बायका गुलाबी ग्लोव्ह घालून बॅगेला गोंजारत. त्यांच्यात ही पोर उभी राहिली आणि नुसत्या उभं राहण्यातच खरी दिसली.

"दीनानाथ सरांकडे का नाही नेलंस?" सुचिताने विचारलं. "सर?" जागृती म्हणाली, "सर डाव्यांना शिकवतात कुठे? डाव्यांवर शिकवतात. तुला माहितीय ना. आणि त्यांच्याकडे शिकणारीच एक मुलगी आहे हिच्या वजनात." हे ती इतक्या सहज बोलली की सुचिताला तिच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटलं. माहितीय ना! तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? कोपरखैरण्याला सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा मुली होत्या आणि त्यांत डावरी एकटी सुचिता. ज्या मुलीची लढत डाव्या खेळाडूशी असेल तिच्यासमोर सर सुचिताला उभी करत. चल सुचे, दोन राउंड उभी राहा. उभी राहा म्हणजे मार खा. एरवी रोज संध्याकाळी जागृतीसमोर, कारण जागृती सरांची लाडकी, माथाडी कामगाराची जिद्दी पोर, आणि सुचिताची जिवाभावाची मैत्रीण. दोघींत मिळून एकच हेडगार्ड होतं. एकीच्या घामाने ओलं झालेलं दुसरी तसंच डोक्यावर चढवायची आणि कुणाला त्याची किळस येत नसे. मग दोघी एकाच वजनात राज्याच्या निवड चाचणीला उतरल्या, शेवटच्या फेरीत समोरासमोर आल्या, आणि तिसऱ्या राउंडला सुचिताचा डावा जागृतीच्या तोंडावर बसून परत येत असताना कुठूनतरी एक उजवा आला. कुठून ते तिला कळलं नाही. पंचांनी मोजलेले आठपर्यंतचे आकडे तिने गुडघ्यावर बसून ऐकले. जागृती राज्याच्या संघात गेली, पदक आणलं, नोकरी लागली. सुचिता जबडा बांधून दिवाळे गावात घरी पडून राहिली आणि पुढे महाप्याच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीवर लागली. अजून तिथेच आहे. भाकरी चावताना डावीकडचा जबडा अजून कट् असा वाजतो.

पण तिने ते हरणं मान्य केलं होतं, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. चौदा वर्षं ती सगळ्यांना सांगायची की जागृती माझ्यापेक्षा सरस होती, बस्स. तसं सांगताना तिला एक प्रकारचा मोठेपणाही वाटायचा. हरलेल्या माणसाला तेवढंच मिळतं आणि तेही तिने जपून ठेवलं होतं. मग चार वर्षांपूर्वी वाशीच्या एका हॉलमध्ये सरांची एकसष्टी झाली. जुन्या मुली साड्या नेसून आल्या होत्या. सर रंगात आले होते, माइक सोडत नव्हते. बोलता बोलता त्यांनी समोरच्या रांगेतल्या सुचिताकडे बोट दाखवलं. "ही आमची सुचिता. काय हिचा डावा जायचा म्हणून सांगू! पण परत येताना गालाशी यायच्याऐवजी कमरेशी यायचा. दोन वर्षं मी बघत होतो. हिला एका शब्दाने बोललो नाही, जागृतीला बोललो. अहो, कोच म्हणजे दुसरं काय? कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, एवढंच तर!" हॉल हसला. स्टेजवर बसलेल्या जागृतीने हातातल्या पुष्पगुच्छाचा कागद नीट केला. आणि सुचिताही हसली. टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्याचंच तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं. घरी आल्यावर तिने आपले तळहात बघितले, तर ते लाल झाले होते. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक भट्टी पेटलेली होती. सरांना पत्र लिहायचं, जागृतीच्या ऑफिसात जाऊन चारचौघांत थोबाडीत द्यायची, असे बेत ती पाणी भरताना, कपडे वाळत घालताना, खोक्यांवर लाल पट्ट्या चिकटवताना करत राहायची. पण एकही बेत मनासारखा बसत नव्हता. थोबाडीत मारून काय होणार? ज्यांनी नुसतं गप्प बसून तिचं आयुष्य वळवलं त्यांना थोबाडीत म्हणजे फारच स्वस्त झालं.

"मार बघू," तिने पॅड हातावर चढवून श्रुतीला सांगितलं. पोरीने दोन हलके उजवे टाकले आणि मग डावा सोडला. पॅडवर असा आवाज झाला की गुलाबी ग्लोव्हवाल्या सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या. आणि मग तो हात परत आला. गालाशी आला नाही. खाली, कमरेच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथून सावकाश वर चढला. सुचिताने पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा तेच. पाच वेळा, दहा वेळा तेच. अगदी तीच खोड, जणू तिच्याच हातातून काढून या पोरीच्या हातात घातली होती. खिडकीपाशी बाकावर जागृती मोबाइल बघत बसली होती. सुचिताला काहीच करायचं नव्हतं. चुकीचं काही शिकवायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, फक्त एक वाक्य उच्चारायचं नव्हतं. पोरगी निवड चाचणीत सरांच्या त्या शिष्येसमोर उभी राहील, समोरच्या कोपऱ्यात सर बसलेले असतील, आणि सरांना ती खोड दिसायला अर्धा राउंडही लागणार नाही. आणि जागृती खुर्चीवर बसून आपल्या पोटच्या पोरीला गुडघ्यावर बसलेली बघेल. "छान," सुचिता म्हणाली. "डावा एकदम छान आहे तुझा."

त्यानंतरचे एकवीस दिवस तिने असं शिकवलं, जसं आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. त्यातही तिचा हिशेब होता. बाकीचं जितकं चोख होईल तितक्या बेफिकिरीने पोरगी डावा सोडेल. तिने श्रुतीला सांगितलं की समोरचीचा डावा पाय जिथे असेल त्याच्या बाहेर आपला उजवा पाय पाहिजे, ती सरकली की आपणही सरकायचं, पायाची ही जागा जिने घेतली तिची लढत अर्धी झाली. तिने खडूने जमिनीवर पावलं काढली आणि पोरीला त्यांवरून तासन् तास फिरवलं. नेहमी आपल्या उजवीकडे फिरायचं, कारण तिचा जड उजवा आपल्या डावीकडून येतो, त्याच्या वाटेत जायचं नाही. आपला पुढचा उजवा हात मारायला कमी आणि तिच्या डाव्या ग्लोव्हला टोचत राहायला जास्त. तिला दिसू द्यायचं नाही, वैताग आणायचा. "आणि मी आधी नाही मारायचं का?" श्रुतीने विचारलं. ती सारखे प्रश्न विचारायची. सुचिताने कधी सरांना एकही विचारला नव्हता. "आधी तिला मारू दे," सुचिता म्हणाली. "सगळ्यांना उजव्यांशी खेळायची सवय असते. आपल्यासमोर त्या गोंधळतात आणि गोंधळलेलं माणूस घाईने हात टाकतं. तिचा डावा आला की डोकं बाहेरच्या बाजूला काढ, इतकंच, कानाजवळून जाऊ दे. तो हात लांब असतो तेवढ्यात तिचं तोंड उघडं असतं. मग मधून सरळ तुझा डावा. वाट बघायला शिक. वाट बघणाऱ्याचं नुकसान होत नाही." हे बोलताना आपण कशाबद्दल बोलतोय हे तिचं तिला कळत होतं आणि मजा येत होती.

पोरगी मात्र भलतीच गोड निघाली, ही एक अडचण होती. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी हातात घेऊन यायची. पॅडवर चांगला फटका बसला की स्वतःच 'आई शप्पथ' म्हणायची. एकदा पाणी पिताना म्हणाली, "मॅडम, आई म्हणते तुम्ही तिच्यापेक्षा भारी होता. मग तुम्ही का सोडलं?" सुचिताने खिडकीकडे बघितलं. जागृती रोज यायची, ऑफिस सुटल्यावर परस्पर, आणि दोन्ही तास त्या बाकावर बसायची. मोबाइल हातात, पण बोट चालत नसायचं. "जबडा गेला," सुचिता म्हणाली. "कोणी मारला?" "होती एक." पोरीने तिच्या डाव्या गालाकडे इतक्या काळजीने बघितलं की सुचिताला रागच आला. तू नको बघूस, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. त्या दिवशी एकदा जिभेवर वाक्य आलंही. चारच शब्द होते. हात गालाशी आण, श्रुती. तिने ते गिळले आणि पोरीला दोरीच्या उड्या मारायला पाठवलं. दिवसभर कंपनीत ती दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल पट्टी लावायची. संध्याकाळी समोर शंभर वेळा दिसणाऱ्या चुकीला छान म्हणायची. रात्री झोप मात्र चार वर्षांत प्रथमच चांगली लागत होती, हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं.

रविवारी दिवाळ्याला ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या आईला तिने सांगून टाकलं. सगळं नाही, जागृतीची मुलगी शिकायला येते एवढंच. काशीबाईंनी मान वर केली नाही. "तीच ना गो, जिनी तुझी जाभार फोरली?" "तीच." "पंधरा दिस मी तुला पेज पाजलीय. रोवलीतलं पानी नितलावं तशी तू रराची." लेकीचं ते रडणं आठवत काशीबाईंनी निवडलेली मूठ सुपात टाकली. "तिची पोर तुझ्या हातान हाय ना? मंग सोरू नको." सुचिता हसली. आईचा राग तिच्याइतकाच ताजा होता, आणि तिला त्याचा इतका आधार वाटला की ती आईजवळ जाऊन बसली आणि निवडायला लागली. पण डोळ्यांसमोर मात्र सोळा वर्षांची श्रुती गुडघ्यावर बसलेली आली, तोंडातून लाळ गळतेय, नजर कुणाला तरी शोधतेय. ती कुणाला शोधेल? आईला? सुचिताने हात भराभर चालवला. शोधेल कुणालाही, ती म्हणाली मनात. मलाही कुणी सापडलं नव्हतं.

चाचणीच्या दोन दिवस आधी, शेवटच्या सरावाला, सकाळी जिम रिकामं असताना त्या मायलेकी आल्या. श्रुती कोपऱ्यातल्या छोट्या रिंगमध्ये एकटीच सावलीशी खेळत होती. जागृती बाकावरून उठली आणि सुचिताला म्हणाली, "जरा बाहेर ये." जिन्याच्या वळणावर केकच्या दुकानातला गोड वास कोंडला होता. जागृतीने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. "तिचा डावा खाली येतो," ती म्हणाली.

सुचिताला वाटलं आपण ऐकलंच नाही. मग जबड्यात कट् झालं.

"मी पहिल्या दिवसापासून बघतेय," जागृती म्हणाली. "रोज वाटायचं, आज बोलशील. एकवीस दिवस झाले, सुचे."

"तुला दिसतो तर तू सांग ना. तुझी पोर आहे."

"सांगितलं. दोन वर्षं सांगतेय. आईचं कोण ऐकतं? ती म्हणते तू उजवी, तुला काय कळतं. तुझं ऐकेल. तू सांगितलंस तर मरेपर्यंत लक्षात ठेवेल." तिने वर जिमच्या दाराकडे बघितलं. "मला त्या हातावर फक्त मारता येतं गं. दुरुस्त करता येत नाही."

"माझा कधी दिसला होता तुला?"

"सर बोलले त्याच्याही आधी. पहिल्याच वर्षी."

"आणि सांगितलं नाहीस. एक हेडगार्ड घालत होतो आपण."

जागृतीने खाली बघितलं नाही, हे सुचिताला नंतरही आठवत राहिलं. "सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस," ती म्हणाली. "बाबा आजारी होते. मला ती नोकरी पाहिजे होती. सॉरी नाही म्हणणार मी, खोटं वाटेल. आज परत तेच करायची वेळ आली तर काय करेन, मला माहीत नाही."

इतकी वर्षं सुचिताने या बाईच्या तोंडून काय काय वदवून घेतलं होतं मनातल्या मनात. ती रडायची, पाया पडायची. आता ती समोर उभी राहून सरळ सांगत होती आणि त्यात सुचिताच्या हाताला लागण्यासारखं काही नव्हतं. मग तिला एकदम सुचलं आणि सुचल्याबरोबर अंगभर गरम वाटलं. "नुसतं सांगून ती खोड जात नाही," ती म्हणाली. "माझं ऐकेल आणि चाचणीत पुन्हा विसरेल. मार बसल्याशिवाय हात शिकत नाही. आणि तो मार मला येत नाही, मी डावी. तो तुझा आहे. चल, ग्लोव्ह घाल. तुझ्या पोरीला तूच मार."

जागृतीचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. सुचिताने तो उतरताना डोळे भरून बघितला. "मी... सुचे, तिला आधी सांगू तरी दे." "नाही सांगायचं," सुचिता म्हणाली. "मला कुणी सांगितलं होतं?"

आई ग्लोव्ह घालून रिंगमध्ये चढते म्हटल्यावर श्रुतीला हसूच आवरेना. "आई, कंबर धरेल हां तुझी." सुचिताने दोघींची हेडगार्डं बांधली आणि बाहेर उभी राहिली. जागृती जड झाली होती, पण पाय विसरले नव्हते. पोरीने शिकवल्याप्रमाणे पाय बाहेर टाकला, आईचा डावा कानाजवळून जाऊ दिला आणि मधून आपला डावा घातला. तो बसला. परतताना खाली गेला. जागृतीचा उजवा वरून आला आणि पोरीच्या गालाला नुसता टेकला. पोरगी हसत होती. "हलका नको," सुचिता म्हणाली. पुन्हा तसंच झालं. पुन्हा नुसता स्पर्श. "जागे, हलका नको. मला मारला होतास तसा मार. नाहीतर परवा दुसरी कुणी मारेल आणि तू खुर्चीवर बसून बघशील." जागृतीने एकदा तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते वाचायची सुचिताला गरज वाटली नाही. तिसऱ्या वेळी डावा खाली गेला तेव्हा जागृतीचा खांदा पूर्ण फिरला. आवाज झाला. श्रुती एका गुडघ्यावर बसली. जागृती तशीच उभी राहिली, ग्लोव्ह छातीशी घेऊन, आणि तिच्या तोंडातून एक बारीक, चमत्कारिक आवाज निघाला. सुचिताने याच आवाजाची चार वर्षं वाट बघितली होती. तो तिने ऐकला. पुरेसा वाटला नाही.

पोरगी रडली नाही. गुडघ्यावर बसूनच तिने आपला डावा हात उचलून बघितला, कमरेपासून गालापर्यंत हळूहळू नेला, पुन्हा खाली आणला. ती हुशार होती, तिला उलगडायला वेळ लागला नाही. तिने तोंडातलं रबर काढलं. आधी आईकडे बघितलं, मग दोरीच्या बाहेर. "मॅडम, तुम्हाला दिसत होतं हे?"

आता बोलायला जागृतीचं नाव तयार होतं. तुझ्या आईलाही दिसत होतं, माझ्या वेळीही दिसत होतं, विचार तिला. तीन वाक्यांत दोघींमधलं सगळं उखडून टाकता आलं असतं. जागृतीला ते कळलं होतं, ती हात न उचलता वाट बघत उभी होती. पण पोरीने प्रश्न तिला विचारला होता, आणि तो प्रश्न सुचिताने सरांना विचारायला हवा होता, त्याच हॉलमध्ये, टाळ्या वाजवायच्याऐवजी.

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज छान म्हणायचात?"

"हो."

श्रुती उठली. गाल लाल झाला होता, ओठ फुगायला लागला होता, आणि डोळ्यांत आता काळजी वगैरे काही नव्हतं. "ग्लोव्ह घाला," ती म्हणाली.

"श्रुती, अगं, परवा चाचणी आहे," जागृती म्हणाली.

"आई, तू बाहेर हो. मॅडम, ग्लोव्ह घाला."

दीनानाथ सरांना असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. सुचिताला भीती वाटली, आणि भीतीबरोबर थोडा हेवाही वाटला. तिने एक ग्लोव्ह स्वतः चढवला. दुसऱ्याचा पट्टा एका हाताने लावता येत नाही. जागृतीने येऊन लावला आणि दोरी वर उचलून धरली. सुचिता वाकून आत गेली. अठरा वर्षांत ती पॅड सोडून कुणासमोर उभी राहिली नव्हती. दोघी डाव्या, दोघींचे उजवे पाय समोरासमोर, शिकवलेलं अर्धं उपयोगाचं नव्हतं. श्रुतीने वाट बघितली. इतका वेळ बघितली की शेवटी सुचितालाच राहवलं नाही आणि तिने पुढचा हात टाकला. पोरीचं डोकं बाजूला झालं आणि मधून डावा आला. नाकावर बसला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या पाण्यातूनही सुचिताला ठाऊक होतं की आता हात खाली जाणार. आणि तिला मारायचं होतं. शिकवायला नाही, मनापासून मारायचं होतं, पोरीला, तिच्या आईला, सरांना, हसणाऱ्या त्या हॉलला. तिने पुढचा उजवा वळवून सगळ्या जोराने त्या गालावर सोडला.

तिथे गाल नव्हता. तिथे परतलेला ग्लोव्ह होता, घट्ट लावलेला, आणि त्याच्या वरून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. सुचिताचा उजवा त्यावर आपटून लांबच राहिला. मग श्रुतीने तिला दुसरा डावा मारला.